मध्यकर्ण

प्रश्न सहावा. आकृती काढून नावे द्या :
मानवी डोळा किंवा मानवी कान.
पाच गुण.

सिंदेवाहीचं केंद्र, खोली चार.
खिडकीबाहेर मार्चचं ऊन,
कुंपणापलीकडे मोहफुलं वेचणारी एक बाई,
तिचं वाकणं तेवढं दिसतं.

निमगडे मॅडमनी वर्षभर बजावलं होतं,
डोळाच काढा रे पोट्ट्याहो,
एक गोल, आत एक गोल, मागे शेपटी,
तीन मिनिटांत होतो.
कान वळणावळणाचा. कान वेळ खातो.

पण कान शिकवला त्या दिवशी
त्यांनी मला उभं केलं.
हातोडी, ऐरण, रिकीब.
"पहिल्या दोन तर हिच्या अंगणातच आहेत."
वर्ग हसला.
तेव्हापासून हजेरीत प्रणोती शालिक मांडवकर
आणि हापशीवर, सायकली लावताना :
ए मध्यकर्ण, सरक ना वं.

रिकीब कोणालाच माहीत नव्हती.
आमच्या गावात घोडा फक्त वरातीला येतो,
मूलवरून, भाड्यानं.
पुढच्या लग्नात मी गर्दीत घुसून पाहिली,
नवरदेवाच्या नव्या बुटाखाली, गंज चढलेली.
एवढीशी वस्तू. तिच्यावर अख्खा माणूस.

पुस्तकात नाही ते असं :
बाबाची हातोडी शाबूत आहे, ऐरणही,
अंगणातली आणि कानातली.
गेलं ते त्यांच्या पुढचं.
कर्णावर्तात बारीक केस असतात,
बांधीतल्या धानासारखे उभे,
ते पस्तीस वर्षांच्या ठोक्यांनी आडवे झाले.
त्यांची रोवणी एकदाच होते.

हे चंद्रपूरच्या दवाखान्यात कळलं,
प्रमाणपत्रासाठी गेलो होतो तेव्हा.
बाबाला काचेच्या खोलीत बसवलं,
कानांवर डबे, हातात बटण,
आवाज आला की दाबायचं.
बाबानं दाबलं.
परत दाबलं. दर वेळी बरोबर.
बाईनं कागद पाहिला, मशीनला चापट मारली,
मला विचारलं,
यांना खरंच ऐकू येत नाही का?

बसमध्ये बाबा खुशीत होता.
"थे बाई खुटी फिरवे ना, तिचा खांदा हाले.
हालला का मी दाबो.
पास झालो ना वं माय?"

मी मान हलवली. पास.
प्रमाणपत्र काही मिळालं नाही.

आता आम्ही त्याला हाक मारत नाही,
पायाशी खडा टाकतो,
रात्री बल्ब बंद-चालू करतो.
तापलेल्या फाळाचा रंग बघून तो ठोका धरतो,
पाणी पाजताना चर्रर्र नाही,
बुडबुडे बघतो,
ते थांबले की काढतो.
त्याच्या फाळाला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही.

डोळा किंवा कान.
कोणताही एक. दोन्ही सोडवले तर पहिलाच तपासतात.

मी कान काढला.
पाळी बरी आली, नळी जरा तिरपी,
पडदा, हातोडी, ऐरण,
रिकीब काढता काढता नालेसारखी झाली.
कर्णावर्ताचे अडीच वेढे.
तिथून निघणाऱ्या चेतेला बाण दिला
आणि बाणाच्या टोकाशी,
वर्षभराच्या सवयीनं असेल,
लिहून बसले : दृष्टिचेता.

खोडायला पेन टेकवलं.
एक शाईचा ठिपका पडला.
अर्धा गुण जाईल,
मॅडम म्हणतील, एवढंही आलं नाही,
तेही तुला.
पेन उचललं.

पर्यवेक्षक दोरे वाटत होते.
फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पालकांची गर्दी,
कोणी मोबाइलमध्ये, कोणी झोपलेलं,
बाबा सायकलीच्या कॅरिअरवर,
नजर शाळेच्या वऱ्हांड्यावर.

शिपायानं टोल्याकडे हात नेला.
घंटा अजून वाजायची होती,
तेवढ्यात बाबा उठला.