पाठची

फोन उभा राहतो सोड्याच्या रिकाम्या बाटलीला टेकून.
बाटलीत वाळू भरलीय, म्हणजे ट्रक गेला तरी हलत नाही.
संध्याकाळी सात ते नऊ सगळं किसुमू अंगठ्याने बघतं,
असं ओकेलो सांगतो. जुळ्यांच्या पाठचा, एकोणीस वर्षांचा,
फणी कुठल्या बाजूने धरायची ते ठाऊक नाही त्याला,
पण कुठल्या फोटोखाली काय लिहायचं ते ठाऊक आहे.
'चेहरा नको,' म्हणाला, 'चेहरा दिसला
की बायका चेहऱ्याशीच भांडत बसतात.
पाठ दाखव.'

मी पाठ दाखवली. अदोंगोची.
मी आपियो, आधी आलेली.
ती अर्ध्या तासाने, माझ्या पाठची.
पत्र्याच्या दारात, उजेडाकडे तोंड करून बसवलं तिला,
सहा तास. मधे एकदा तळलेला मासा, एकदा भांडण.
मानेपासून कानाकडे वळत गेलेले भांग,
तळ्यात नाव गेल्यावर मागे उरतो तसे.
शेवटी पेडांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवली
आणि दोघी एकदमच ओरडलो.
पोळलं होतं एकीलाच.

चार हजार लोकांना ती मान आवडली.
पुढच्या सोमवारी बाकावर जागा उरली नाही.
कोंडेलेच्या पोरी, बोंडोहून आलेली शिक्षिका,
एक बाळंतीण, जिने बाळ सरळ ओकेलोच्या मांडीवर ठेवलं.
प्रत्येकीच्या हातात माझाच फोटो,
आणि मलाच दाखवून सांगायच्या:
असं येतं का तुला?

समोरच्या मर्सीने तो उचलला, खाली स्वतःचं नाव टाकलं.
गेले तावातावाने. ती शांतपणे म्हणाली,
ही पाठ तुझीच कशावरून?
डाव्या कानामागे तीळ आहे, म्हटलं, मोठा करून बघ.
तिने दोन बोटांनी माझ्या बहिणीला ताणलं.
तीळ होता.
फोटो काढला तिने. मग केसांचं एक बंडल उसनं मागितलं.
दिलं.

एप्रिलात अदोंगो दमामला गेली, घरकामाला.
तेच पेड घालून विमानात बसली.
पहिल्याच दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, स्वयंपाकघरात हे नको.
कात्री त्यांनीच दिली.
फोन शुक्रवारी, तीन मिनिटं.
त्यातलं अर्धं मिनिट तिने हे सांगितलं,
उरलेल्यात आईचे गुडघे.

शनिवारी धंदा मंदा होता. वीस शिलिंगांचा डेटा
रात्री बाराला मरणार होता.
मी तोच फोटो पुन्हा लावला.
पोट पाठीला लागू नये म्हणून
तिची पाठ.
ओकेलो काही बोलला नाही. बाटलीतली वाळू
उगाच हलवत राहिला.

गिऱ्हाइकं विचारतात, ही तूच का?
कधी कधी हो म्हणते.
आपली पाठ आपल्याला विणता येत नाही
हे कुणाच्या लक्षात येत नाही.

काल रात्री एक निरोप. नाव आकड्यांचं, फोटो नाही.
'किती घेता?'
ओकेलोने पाठ करून घेतलेलं उत्तर मी पाठवलं:
नमस्कार लाडके, आठशे, केस आमचेच, चहा फुकट.
बराच वेळ काही नाही. मग:
'आणि तीळ झाकायचे?'

बाईसाहेबांचा फोन असणार. की शेजारच्या मोलकरणीचा.
शुक्रवार नव्हता.
मी लिहिलं, बरी आहेस ना. पुसलं.
लिहिलं, तो फोटो काढू का. पुसलं.
लिहिलं, केस वाढले का. तेही पुसलं.
मग पाठवलं:
मी दुकान उघडून बसते.
तू ये अर्ध्या तासाने, नेहमीसारखी.

खाली एकच खूण उमटलीय, अजून एकच.
सात वाजायला आले. ओकेलो बाटली सरळ करतो,
म्हणतो, टाक काहीतरी,
लोक बघतायत.