पानामागे पाचशे बैसा

सोहारच्या बाजारात, मासळीच्या गल्लीपलीकडं
बीरानकुट्टीचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, बाळाच्या जन्माची नोंद,
हरवलेल्या पासपोर्टची फिर्याद,
सगळं एकाच कीबोर्डवर,
ज्याची अक्षरं बोटांनी खाऊन टाकलीत.

आज माझा अर्ज.
रघुनाथ इंगवले, लान्स नायक, तालुका खटाव.
‘एक्स-सर्व्हिसमन लिहू?’
म्हटलं, थांब. तो शब्दही मला मिळालेला नाही.
अकरा वर्षं, चार महिने, नऊ दिवस, एवढंच लिही.

पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं.
इकडं येताना एजंटानं पहिली दोनच पानं झेरॉक्स केली होती:
फोटो, उंची, छाती, डाव्या भुवईवरचा व्रण.
तेवढ्यावर मला टाइल्सच्या गोदामाचं गेट मिळालं.
शेवटचं पान सात वर्षं दुमडलेलंच आहे.
घडीवर शाई उडालीय,
पण ‘चारित्र्य’ या रकान्यासमोरचा शब्द
घडीत सापडला नाही.
वाचता येतो.

वकिलानं पुण्याहून मसुदा पाठवलाय.
बीरानकुट्टी मोबाइल तिरका धरून उतरवतो:
गुरेझला बर्फात घसरलो, पाठीवर जेरीकॅन होते,
मणका सरकला, एमआय रूमनं गोळ्या दिल्या,
वेदनेपोटी सवय लागली.
वेदनेपोटी.
चांगला शब्द आहे. फी बहुतेक त्याचीच असावी.

पण दुसऱ्या उन्हाळ्यात पाठ दुखायची थांबली होती.
अंबाल्याला स्टेशनसमोरचा केमिस्ट
मला बघूनच ड्रॉवर उघडायचा.
गस्तीवरून आल्यावर
डोक्यात एक जनरेटर चालू राहायचा पहाटेपर्यंत,
तो बंद करायला घ्यायचो मी.
आणि एकदा पोस्टवरच झोपलो.
त्या रात्री काही झालं नाही.
काही झालं नाही ही शेजारच्या मोर्च्यातल्यांची पुण्याई,
त्यात माझं काही नाही.
मसुद्यात ती रात्र नाही.

इंदूनं फोनवर विचारलं,
कँटीनचं कार्ड परत मिळेल का?
मग स्वतःच म्हणाली, राहू दे, साखर काय कुठंही मिळते,
पोराच्या फॉर्मवर वडिलांच्या पुढं काय लिहू तेवढं सांगा.
मी रेंज गेल्यासारखं केलं.

‘अजून तीन वाक्यं घाल,’ म्हटलं.
नंतर दुखत नव्हतं, तरी घेत होतो.
एकदा पहाऱ्यावर झोपलो.
आता सात वर्षं घेतलेली नाही.
त्याची बोटं थांबली.
‘भाई, ये लिखोगे तो केस गया.’
‘लिख.’

मजकूर सरकला,
सही दुसऱ्या पानावर जाऊन पडली, एकटीच.
कोऱ्या पानावरची सही दूतावासात चालत नाही म्हणे,
म्हणून त्यानं सोबतीला एक ओळ खाली ओढली.
आता सात वर्षं घेतलेली नाही.
आणि तिच्याखाली मी.

दोन पानांचा एक रियाल.
सूट दिली नाही त्यानं. मला बरं वाटलं.

शुक्रवारी मस्कतची बस बघायची,
रविवारी साक्षांकनाची रांग.
पुढं दिल्ली की पुणे, किती वर्षं, वकील सांगत नाही.

रात्री समुद्राकडून दमट हवा येते, तेव्हा मणका खरंच ठणकतो.
दुर मोहम्मद, ओमानी फौजेतून पेन्शनवर आलेला बलुच,
खिशातली पट्टी पुढं करतो, साधीच गोळी, डोकेदुखीची.
मी फुटक्या खोक्यातली एक फरशी काढतो,
तिच्यावर पाठ टेकून पडतो.
गार असते.
थोड्या वेळानं तीही तापते, मग दुसरी काढतो.

पावणेतीनला ट्रक येतो.
ड्रायव्हर हॉर्न देऊन ओरडतो, ‘ओ फौजी, गेट!’
या रस्त्यावरचे सगळे तेच म्हणतात, त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.
मी हो म्हणत नाही. नाही म्हणत नाही.
उठतो, शर्ट खोचतो,
सीलचा नंबर टॉर्चनं दोनदा वाचतो
आणि गेट उघडतो.