तात्पुरतं

सदतीसशे वेळा नीट उठतो, मग एकदा पडतो.
कधी एकोणचाळीसशे वेळांनी.
आणि मी पाहायला वाकले
की शहाण्या मुलासारखा चालतो.

औलूमधला डिसेंबर. दुपारी दोनलाच
खिडकी काळी होते, स्क्रीनचा उजेड तेवढा माझा.
बंदरात बर्फ फोडणारं जहाज उभं आहे,
त्याच्या इंजिनांना हा कर्नल हवा, सोमवारपर्यंत.
खऱ्या बोर्डाला अजून हात लावू देत नाहीत.
माझ्याकडे आहे त्याचं सोंग:
लॅपटॉपच्या पोटात चार कोअर,
म्हणजे एकच बहुरूपी आणि चार पागोटी,
हे काढ, ते चढव,
आणि चौघांचीही शपथेवर साक्ष
की आम्ही एकाच वेळी धावत होतो.

पहिल्या रात्री मी प्रत्येक दाराशी एक ओळ छापायला लावली,
कोण आलं, कोण गेलं.
क्रॅश थांबला.
ओळ छापण्याच्या त्या चिमूटभर वेळात
कुणीतरी कुणालातरी वाट देत होतं.
ओळी काढल्या, पुन्हा पडला.
पंचनाम्याला बसलं की प्रेत उठून चालू लागतं,
अशा गावात फौजदारानं काय करावं?

वेसा म्हणाला, आकडा धरून ठेव.
कुठलं पागोटं कधी, हे ज्या आकड्यावरून ठरतं तो.
धरला.
आता तोच आकडा, तोच मृत्यू,
त्याच सूचनेवर, घड्याळ लावून घ्यावं असा.
आणि इथे मागेही जाता येतं,
एकेक पाऊल, पाठ न वळवता.

पडला तिथे पत्ता होता सहा-बी सहा-बी सहा-बी.
ही आमचीच खूण. रिकामी केलेली जागा
आम्ही या अक्षरांनी सारवून ठेवतो,
चुकून कुणी आत शिरलं तर पाऊल उमटावं म्हणून.
उमटलं होतं. तिसऱ्या कोअरचं.

मागे गेले. वाटाण्याचं सूप टेबलावर गार झालं,
म्हणजे गुरुवार असणार.
आणखी मागे.
दुसऱ्यानं टायमर मोडला, जागा परत केली, सारवली,
सगळं रीतीनं.
तिसऱ्याच्या मुठीत जुना पत्ता तसाच,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
कुलूप होतं की!
पण ते घराला.
पत्ता वाचून निघालेल्या, अजून वाटेत असलेल्या माणसाला
कुठलं कुलूप?

त्या ओळीच्या डोक्यावर शेरा:
तात्पुरतं. ओ. रा. मार्च २००९.

ओर्वो राउटिओ. राई ब्रेडचे तुकडे कीबोर्डमध्ये सांडणारा,
चुकीला चूक न म्हणता “पाहुणा” म्हणणारा.
त्या मार्चमध्ये मशीनला एकच कोअर होता.
एकट्याच्या घरात कुणाला काय सांगायचं?
त्याचं बरोबरच होतं. तेव्हा.

मी चार ओळी लिहिल्या.
जागा परत करण्याआधी चौघांना विचारायचं,
हा पत्ता अजून कुणाच्या हातात आहे का,
आणि चौथ्याचं उत्तर येईतो
गप्प उभं राहायचं.
मग रात्रभर चालवलं, वेगवेगळे आकडे देऊन.
चाळीस हजार वेळा उठला.
एकदाही नाही पडला. याला पुरावा म्हणत नाहीत,
पण मी कोट घातला.

निघताना भिंतीवरच्या यादीतून चौऱ्याहत्तर फिरवला.
पाहुणा गेला, एवढंच सांगायचं होतं.
“माल उतरवण्याचा धक्का,” एक तरुण बाई,
मागे फोर्कलिफ्टची टीं टीं. “कोण हवंय?”
म्हटलं, कुणी नाही.
ऑक्टोबरमध्ये त्याचा निरोपाचा केक
मीच कापला होता, कोपऱ्यातला तुकडा त्याला दिला होता.

यादीवर काट मारायला पेन शोधलं.
ड्रॉवरमध्ये नव्हतं, वेसाच्या टेबलावरही नव्हतं.
शेवटची बस सहा मिनिटांवर होती.