समासातला ख

कादंबरी आठ दिवस बर्फाच्या कारखान्यात होती माझ्याबरोबर,
लाद्यांच्या वहीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत.
हर्णैला कागद दमट होतो, तशी तीही झाली.
पानं उलटताना आवाज येईना.

तीन भावंडं. पुण्यातला फ्लॅट. आजारी आई.
कोणी किती रात्री जागवल्या याचा हिशेब
इतका बारीक, की मला वाटलं
लिहिणारी कधीतरी लिलावाला उभी राहिली असावी.
पण दोनशे ऐंशी पानांत एकदाही कोणी
मासा साफ केला नाही.
भांडणं सगळी चहावर.
आमच्याकडे चहावर भांडत नाहीत,
चहा ठेवतच नाहीत.

मधलीचं नाव मृण्मयी.
मी ते तीनदा वाचलं,
मग म्हटलं, राहू दे, मधलीच म्हणू.
पान एकशे चाळीसवर ती दार ओढून घेते
आणि लिहिणारी तिला विसरते.
थोरली रडते, धाकटा दिल्लीहून येतो,
आईसुद्धा जाताना दोघांनाच हाका मारते.
पुढची पानं मी मधलीला शोधत वाचली,
अंधारात पायानं चप्पल शोधावी तशी.

पान एकशे बासष्टवर एक वाक्य आहे:
‘रक्ताचं नातं पाण्यासारखं, आपली वाट काढतंच.’
त्याच्या बाजूला, समासात, पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय,
खोटं.

ख जुना. र आणि व सुटे, मध्ये फट.
नीट न बघणारा रवोटं वाचेल.
या बंदरात असा ख आता एकच बाई काढते.
द्वारकाताई.
अकरा वर्षं आम्ही एका वाडीत
वेगवेगळ्या वेळी पाणी भरतो.
होडीच्या कागदावर मी सही दिली जनूला,
तिनं दिली नाही.
एवढीच गोष्ट. हिची कादंबरी व्हायची नाही.

पाण्याचं मला माहीत आहे थोडंफार.
आम्ही डबे खाऱ्या पाण्यात सोडतो,
आत गोडं पाणी. ते कडेनं गोठत येतं,
काचेसारखं स्वच्छ,
आणि मधोमध, सगळ्यात शेवटी,
एक पांढरी गढूळ शीर राहते.
कोंडलेली हवा, कचरा, जे कुठेच जाऊ शकलं नाही ते.
सळी तिथेच घालतात. लादी तिथेच फुटते.
वाटबीट काही काढत नाही पाणी.
ताईचं बरोबर होतं.
हे मी तिला सांगणार नाही.

शनिवारी वाचनालयात मुकादम म्हणाले,
तीन रुपये दंड. कशी वाटली?
म्हटलं, बरी आहे. शेवट घाईत उरकलाय.
माझ्या आधी कोणी नेली होती, ते विचारलं नाही.
त्यांनी कार्ड समोर धरलं तेव्हा
मी पंख्याकडे बघत होते.

पण परत देण्याआधी, लाद्या मोजायच्या पेन्सिलीनं,
पान एकशे चाळीसवर,
दार ओढलं जातं त्या ओळीखाली
मी लिहून ठेवलं होतं:
मग मधलीचं काय झालं?

वाचलेली कादंबरी पुन्हा कोण नेतं म्हणा.
आणि घराकडे चढताना लक्षात आलं,
त्या ओळीत ख कुठेच नाही.
माझा तसाही नव्या वळणाचा, खाली जोडलेला.
ती ओळखणार कशावरून.