शेरा

रजिस्टरात सातवा रकाना आहे, ‘पर्यावरण समृद्धी’.
तपासणी येणार म्हणून गेल्या वर्षी पट्टीने आखून घेतला.
हिलाल तात्या त्यात ‘दिली’ असं लिहितात,
रोज, हिरव्या शाईने,
दाणा दिला, पाणी दिलं, त्याच चालीवर.

समृद्धी म्हणजे
गल्ली नंबर पाचमधल्या साडीच्या दुकानातली पुठ्ठ्याची नळी,
करवतीने वीतभर कापलेली.
शिरपूरकडच्या व्याह्यांच्या केळीचं वाळलं सोपट.
मूठभर कापूस, सरकी काढून.
(सरकी तात्यांच्या खिशात. म्हशीला.)

उंदीर नळीत शिरतो आणि दिसेनासा होतो.
एवढंच.
दिसेनासं होता येणं ही काय चीज आहे
हे हॉस्टेलात एका खोलीत पाच जणी राहून
मला आधीच कळायला हवं होतं.

माझ्या प्रयोगात चोवीस.
बारांना हे सगळं, बारांना नुसता भुसा.
कोणाला काय, ते चिठ्ठ्यांवर ठरलं.
चिठ्ठ्या तात्यांनी उचलल्या, टोपी काढून.
मग प्लायवूडचा चक्रव्यूह, आठ वाटांचा,
एकाच वाटेच्या टोकाला शेंगदाणा.
कोण किती लवकर शिकतो ते बघायचं.
शेवटी मेंदूचे काप.
‘शेवटी’ला प्रबंधात ‘तदनंतर’ म्हणतात.

जानेवारीत धुळ्याचा पारा उतरला,
पांझरेच्या काठी गवतावर दव गोठलं
आणि रात्री दीडला लाइट गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
सकाळी सतरा नंबरात,
भुशाच्या पिंजऱ्यात,
मला सोपटाचा एक धागा सापडला,
केसाएवढा, दातांनी विंचरलेला.

तात्या, हे काय?

“थंडी व्हती ताई. लाइट गयी व्हती.
समदास्ले दिधं. सकायले काढी लिधं.”

काढून घेतलं होतं, अगदी नीट,
माझा प्रयोग बिघडू नये म्हणून.

देवरे मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा पुसला.
म्हणाल्या, आकडे गेले. पुन्हा कर.
पुन्हा म्हणजे आणखी चोवीस.

हा हिशोब मी दोन दिवस तात्यांना सांगितला नाही.
ज्याने पांघरूण घातलं
त्याच्या नावावर चोवीस जीव कसे मांडायचे?
आणि डिझेल कोणाच्या नावावर?
आणि बारांना उघडं ठेवायची कल्पना
तर माझीच, आराखड्याच्या पान चारवर.
तिला मॅडमनी पेन्सिलीने ‘छान’ लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सांगितलं.
तात्या पिंजरे धूत होते. नळ बंद केला नाही.
चार पिंजरे धुऊन झाल्यावर विचारलं,
“मंग नवा येतीन त्यास्ले काय देवानं?”

मी अर्ज केला आहे.
कापूस सगळ्यांना, नळी निम्म्यांना,
रिकामा पिंजरा कोणालाच नाही.
मॅडम म्हणतात, फरक पुसट येईल.
येऊ दे.
बैठकीची तारीख अजून लागलेली नाही.

जुने चोवीस मंगळवारपर्यंत आहेत.
सगळ्यांकडे आता सोपट आहे,
प्रयोगच उरला नाही म्हटल्यावर द्यायला कोणाची हरकत नव्हती.
काल दिवे मालवल्यावर मी तिथेच बसून राहिले, बादली पालथी घालून.
दिसत काही नव्हतं.
नुसता फाडण्याचा आवाज, सगळ्या फळ्यांवरून,
बारीक, मन लावून चाललेला.
सतरा नंबर सगळ्यात उशिरापर्यंत.

रजिस्टरात शेवटचा रकाना ‘शेरा’.
तात्या तो कोरा सोडतात.
मी त्यांचा हिरवा पेन मागून घेतला
आणि त्या रात्रीच्या तारखेसमोर लिहिलं:
थंडी होती.