नंतर, आणि शिवाय

अक्कलकोट रोड एमआयडीसी. पहाटेचे तीन चाळीस.
वीज गेली, आली, परत गेली, मग राहिली.
येमूल शेठच्या टॉवेल कारखान्यात सर्व्हर जागा झाला,
पंखा घुमला, लॉगिन आलं,
सगळं उठलं. मागांची मोजणी ठेवणारी
ती एक सर्व्हिस सोडून.
लाल अक्षरांत: फेल्ड.

हाताने चालू केली की चालते, हीच तर खोड.
शेजारी उभं राहून सांगितलं तर शहाण्यासारखी उठते,
अंधारात एकटी सोडली की पडते,
आणि पाचदा उठून पाचदा पडली
की सिस्टिमच म्हणते, बास.

इस्तारी मामा, जॉबर, एकतीस वर्षं याच शेडमध्ये,
भुवयांवर कापसाची पांढरी लव:
"का बे, उठंना का तुझं डबडं?"
"उठतं मामा. पण भलत्याच वेळी."
"मग माणसासारखंच हाय की."

जर्नल उघडलं.
तीन बेचाळीस आणि दोन सेकंद: सर्व्हिस निघाली.
चार सेकंद: फाइल सापडली नाही.
नऊ सेकंद: पाचवा प्रयत्न, संपला.
एकवीस सेकंद: डिस्क जोडली.

म्हणजे ती आली होती.
हिचा दम संपल्यावर बारा सेकंदांनी.

फसवं होतं ते दार.
डिस्क नसतानाही तिच्या नावाचा फोल्डर जागेवर होता,
चौकट, उंबरा, नावाची पाटी,
आत काही नाही.
बिचारी आत गेली, हाका मारल्या, बाहेर आली.

मागच्या महिन्यात मी तेच केलं होतं जे सगळे करतात.
तीस सेकंद झोप, मग नीघ.
दोन आठवडे चाललं, शेठनी चहा पाजला.
मग एकदा डिस्कची तपासणी लांबली, दीड मिनिट लागलं,
आणि माझे तीस सेकंद उघडे पडले.
लाजेने ती ओळच काढून टाकली.

तेवढ्यात घरून गिरिजाचा फोन. पाचव्या दिवसाचं पाणी.
"चारला येणार म्हणाले म्हणून चारला मोटर लावली,
नुसती हवा ओढतीय, जळका वास येतोय."
"बंद कर आधी. घड्याळ बघून लावू नको,
तोटीला हात लावून बघ."
फोन ठेवला.
माझंच बोलणं माझ्या कानात उशिरा पोचलं.

मग फाइलीत लिहिलं, 'नंतर'.
डिस्कच्या नंतर.
पण नंतर म्हणजे नुसती रांग,
पुढचा कोसळला तरी मागचा आपला नंबर घेतो.
म्हणून खाली अजून एक ओळ, 'शिवाय नाही'.
ती नसेल तर तूही निघू नकोस.

छत्तीस वर्षं हे दोन शब्द मी एकच धरून चाललो होतो.
आप्पा गेल्यानंतर शिकलो, नोकरी लागली, लग्न झालं.
नंतर सगळं झालं.

"भीम चढवल्याबिगर माग कोण लावतं बे,"
मामा म्हणाले, "एवढ्यासाठी रात्र घातलास?"

रिबूट. हिरवं. परत रिबूट, हिरवं.
तिसऱ्यांदा मी हात लावायच्या आत वीजच गेली.
अंधारात आम्ही दोघं, आणि तापलेल्या पत्र्याचा
रात्रीसुद्धा न निवणारा वास.
वीज आली. मी काहीच केलं नाही.
डिस्क आली. मग ती.

पडद्यावर माग एकेक उजळत गेले.
सतरा नंबर: शून्य.
"मामा, हा?"
"माणूस पुण्याला गेला. सिक्युरिटीत."
"आणि माग?"
"माग चांगलाय. भीमबी चढवून ठेवलाय."
त्यांनी खिशातली कात्री काढली, पुसली, परत ठेवली.

घरी पोचलो तेव्हा उजाडलं होतं.
गिरिजा मोरीच्या कडेला बसलेली,
भोवती घागरी, बादल्या, एक रंगाचा डबा,
आणि तिचं बोट तोटीत.
"श्श," म्हणाली. "येतंय."