तेरावा महिना

बावीस वाघूर पकडले होते तेराव्या महिन्यात.
तक्त्यात तसंच दिसत होतं. रात्री अकराला मी फोन केला.
टिकेश नान्हे हसला नाही.
"म्याडम, त्या साली अधिक मास होता का?"
एवढंच विचारलं, नि मग नुसता कळा दाबल्याचा आवाज,
मागे पंखा, पंख्यामागे बेडूक.
तारीख आधी की महिना आधी,
आमच्या पोरांनी दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं.
पहाटे चारला निरोप आला: जुळलं. झोपा.

पिंपळटोल्याच्या चौकात त्याचं दुकान,
दिवसा झेरॉक्स, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म.
फळीमागच्या जुन्या संगणकात
एकोणचाळीस तलाव.
कोणी दाडक लिहितं, कोणी दाळक, कोणी नुसतं 'बारीक मासा';
त्यानं सगळ्यांना एका नावाखाली बसवलं
आणि ज्याचा त्याचा उच्चार पुसला नाही,
शेजारच्या रकान्यात जपून ठेवला.
रेंज नसली तर आकडे फोनमध्येच बसून राहत,
पाळीवर चढलं की आपसूक निघत
सांजेला ढोरं घरच्या वाटेला लागतात तसे.

माझा निबंध छापून आला.
चार नावं. त्यातल्या दोघांनी
तलाव पाहिला तो गाडीच्या काचेतून.
टिकेश शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत,
'तांत्रिक साहाय्य'. तेही नावाशिवाय.
त्याचा करार बारा महिन्यांचा, मार्चात संपला होता.
हे तेराव्या महिन्याचं काम
कुठल्या रकान्यात टाकायचं
हे मी त्याला कधी विचारलं नाही.

निबंध दाखवायला मच्छीमार सोसायटीत गेले
तेव्हा जाळं ओढून झालं होतं, वाटे पडत होते.
अनुसयाबाई वलथरेनं मोजता मोजता
एक वाटा बाजूला सारला.
कोणाचा? पाण्यात उतरलेले तर सगळे इथंच.
"फागोजीचा. उतरला नाही तो, गुडघे गेले त्याचे.
पन जाळं त्यानंच शिवलं ना?
मासा का हातानं धरला आमी?"

पिशवीतला निबंध मी काढलाच नाही.

तुडुमाच्या दगडावर बसून संपादकांना लिहिलं:
पाचवं नाव घाला.
उत्तर आलं, आज्ञावली लिहिणं म्हणजे संशोधन नव्हे,
नियमात बसत नाही.
मी परत लिहिलं. तेरावा महिना समजावून सांगितला,
बावीस वाघूर, दाडक, दाळक, सगळं.
त्याचं उत्तर अजून यायचंय.
नव्या प्रकल्पाच्या खर्चात मात्र एक ओळ वाढवली:
देखभाल, टिकेश नान्हे, सगळी वर्षं.
वरून कोणी खोडली तर पुन्हा लिहीन.

दुकानात जाऊन त्याला सांगितलं.
तो कोणाचा तरी सातबारा छापत होता.
कागद बाहेर येईपर्यंत गप्प राहिला, मग म्हणाला,
"नाव नीट पाहून टाका जी.
मार्कशीटवर टी दीर्घ आहे, आधारवर ऱ्हस्व.
नाही तं दोन मानसं धरतीन."